स्कॅनची सीडी किती वर्षे टिकते?

सरकारी रुग्णालयातली छातीविकारांची ओपीडी. सकाळचे साडेअकरा वाजलेले. केसपेपरची रांग संपवून साठीकडे झुकलेले एक शेतकरी मुलासोबत डॉक्टरांसमोर येऊन बसतात. महिनाभर खोकला हटेना म्हणून गेल्या आठवड्यात त्यांच्या छातीचा सीटी स्कॅन झाला. उजव्या फुप्फुसात आठ मिलिमीटरचा एक ठिपका दिसला आहे. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ आहे: आधीच्या स्कॅनशी तुलना करावी.

"काका, याआधी कधी छातीचा स्कॅन काढला होता का?" डॉक्टर विचारतात.

"काढला होता ना साहेब, कोरोनात. २०२१ ला. सीडी आणलीय," मुलगा म्हणतो आणि प्लास्टिकच्या पिशवीतून कागदी पाकिटातली सीडी काढतो. पाकीट पिवळे पडलेले. सीडीवर बॉलपेनने वडिलांचे नाव जोर देऊन लिहिलेले. संगणकाच्या ट्रेमध्ये सीडी जाते, ड्राइव्ह घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो. मग पडद्यावर सूचना येते की ही डिस्क वाचता येत नाही.

फुप्फुसातला ठिपका कशाचाही असू शकतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा जुन्या क्षयरोगाचा वण असतो, कधी भरून आलेल्या न्यूमोनियाची खूण असते आणि कधी सुरुवातीच्या टप्प्यातला कर्करोगही असतो. एका स्कॅनवरून यातले काय आहे ते ठरवणे अवघड जाते. पण तोच ठिपका तीन-चार वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये तेवढाच असेल, तर चित्र पालटते. असा घट्ट ठिपका दोन वर्षांत वाढला नसेल, तर तो सहसा निरुपद्रवी मानला जातो आणि सुई घालून तुकडा काढण्याची वेळ टळू शकते. जुन्या स्कॅनमध्ये त्या जागी काहीच नसेल, तर मात्र तपास लगेच पुढे न्यावा लागतो. नवा स्कॅन आजही काढता येईल. २०२१ सालचा स्कॅन आज काढता येणार नाही.

कोविडच्या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत अशा सीडी आल्या. त्या कपाटात, गादीखाली, देवघराच्या फळीवर पडून आहेत. त्या किती काळ वाचता येतील, याचे उत्तर सीडीच्या पोटात काय असते आणि लेसर ते कसे वाचतो यात आहे.

पाच किलोमीटरची वाट

सीडी हातात घेतली तर ती १२ सेंटिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची चकती दिसते. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट. चष्म्याच्या न फुटणाऱ्या काचा याचेच असतात. गाण्याच्या कारखान्यात छापलेल्या सीडीत या प्लास्टिकच्या वरच्या अंगाला अतिसूक्ष्म खाचा उमटवलेल्या असतात. त्यावर आरशासारखा ॲल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर लाखेसारखा संरक्षक थर आणि त्यावर छापील लेबल असते.

या खाचा एका सर्पिल वाटेवर मांडलेल्या असतात. जुन्या ग्रामोफोन तबकडीची वाट बाहेरून आत जायची. सीडीची वाट मधल्या भोकाजवळ सुरू होते आणि बाहेर येते. दोन वेढ्यांमधले अंतर १.६ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसहून अधिक वेढे मावतात. अख्ख्या चकतीवर वीस हजारांहून अधिक वेढे असतात आणि वाट उलगडून सरळ केली तर ती पाच किलोमीटरहून लांब भरेल. खाच साधारण अर्धा मायक्रॉन रुंद असते. तिची लांबी एक मायक्रॉनपेक्षा थोडी कमी ते तीन मायक्रॉनपेक्षा थोडी जास्त, अशी ठरावीक मापांत बदलते.

एवढ्या वाटेवर सुमारे ७०० मेगाबाइट माहिती मावते. स्कॅनच्या भाषेत हे किती होते ते पाहू. सीटी स्कॅनचे एक चित्र बहुधा ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचे असते आणि प्रत्येक ठिपक्यासाठी दोन बाइट लागतात. म्हणजे एका चित्राला जवळपास अर्धा मेगाबाइट. छातीचे मिलिमीटर-मिलिमीटरवर काप घेतले तर तीनशेच्या आसपास चित्रे होतात. ती सर्व, पाहण्याच्या प्रोग्रॅमसह, एका सीडीत आरामात बसतात. म्हणूनच स्कॅन सेंटरने फिल्मबरोबर सीडी देण्याची पद्धत रूढ झाली.

लेसर नेमके काय पाहतो?

लेसर म्हटले की रुग्णांना शस्त्रक्रिया आठवते आणि ते चूकही नाही. बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले चंद्र कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला. शरीरातील ऊती कापण्यासाठी तो आजही वापरला जातो. सीडी ड्राइव्हमधला लेसर याच घराण्यातला, पण अगदी मवाळ. मोहरीच्या दाण्याहून लहान अर्धवाहक तुकड्यातून तो निघतो आणि वाचताना चकतीवर पडणारा त्याचा प्रकाश एका मिलिवॅटच्या आसपासच असतो. त्याची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, म्हणजे तांबड्याच्या पलीकडची. डोळ्यांना तो जवळजवळ दिसतच नाही.

हा प्रकाश खालून, पारदर्शक प्लास्टिकमधून आत शिरतो आणि आरशाच्या थरावर दीड-पावणेदोन मायक्रॉनच्या ठिपक्यात एकवटतो. सपाट भागावर पडला की आरशावरून जसाच्या तसा परत येतो आणि प्रकाश मोजणाऱ्या संवेदकावर लख्ख उजेड पडतो. खाचेवर पडला की गंमत होते. प्रकाशाचा ठिपका खाचेपेक्षा रुंद असल्याने त्याचा काही भाग खाचेवरून परततो आणि काही भाग शेजारच्या सपाटीवरून. खाचेची खोली सुमारे एक दशांश मायक्रॉन, म्हणजे प्लास्टिकमधल्या तरंगलांबीच्या जवळपास एक चतुर्थांश ठेवलेली असते. जाण्यायेण्याचा मिळून फरक अर्ध्या तरंगाएवढा होतो. एका भागाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर येतो आणि दोघे एकमेकांना बऱ्याच अंशी पुसून टाकतात. तळ्यात दोन खडे टाकल्यावर काही ठिकाणी पाणी शांत राहते, त्याचेच हे रूप. भौतिकशास्त्रात याला व्यतिकरण म्हणतात. परिणामी खाचेवरून परतणारा प्रकाश मंद होतो.

चकती फिरते तसा संवेदकाला लख्ख, मंद, लख्ख, मंद असा प्रकाश दिसत राहतो. खाच म्हणजे शून्य आणि सपाटी म्हणजे एक, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. प्रत्यक्षात ड्राइव्ह कडा मोजतो. सपाटीवरून खाचेत उतरताना किंवा खाचेतून सपाटीवर येताना प्रकाश बदलतो, त्या क्षणी १ धरला जातो. बदल न होता जो काळ जातो, त्यात ठरलेल्या मापाने ० मोजले जातात. ईसीजी वाचताना डॉक्टर रेषा कुठे वळली आणि दोन वळणांत किती अंतर गेले हे पाहतात, तसेच हे. दोन कडा फार जवळ आल्या तर त्या ओळखता येत नाहीत आणि फार दूर गेल्या तर मोजणी चुकते. म्हणून लिहिण्यापूर्वी माहितीच्या दर आठ अंकांचे चौदा अंकांत रूपांतर केले जाते. त्यामुळे दोन १ च्या मध्ये किमान दोन आणि जास्तीत जास्त दहा ० राहतात.

ड्राइव्हच्या चष्म्याचा नंबर

फिरणारी चकती कधीच पूर्ण सपाट नसते. ती काही दशांश मिलिमीटर वर-खाली डोलते आणि लेसरचा ठिपका मात्र एक-दोन मायक्रॉनच्या आत नेमका राहावा लागतो. हे साधण्यासाठी ड्राइव्हमधली इवलीशी भिंग-जोडणी तारेच्या वेटोळ्यांवर तरंगती ठेवलेली असते आणि ती सतत वर-खाली, आत-बाहेर सरकत राहते.

भिंगाला अंतर चुकले हे कळते कसे? अनेकांच्या चष्म्याच्या नंबरात ‘सिलिंडर’ असतो. डोळ्याचा एका दिशेचा बाक दुसऱ्या दिशेपेक्षा वेगळा असला की गोल दिवा लांबट दिसतो, तो दोष सिलिंडर नंबरने दूर होतो. ड्राइव्हमध्ये हाच दोष मुद्दाम निर्माण केला जातो. परत येणारा प्रकाश दंडगोलाकार भिंगातून नेऊन चार भागांच्या संवेदकावर पाडतात. अंतर बरोबर असेल तर ठिपका गोल दिसतो. चकती जवळ आली तर तो एका तिरप्या दिशेने लांबतो, लांब गेली तर दुसऱ्या. चार भागांवरच्या उजेडाची तुलना केली की भिंग कोणत्या बाजूला सरकवायचे ते लगेच समजते. वाट सोडून ठिपका बाजूला सरकला तर तेही अशाच तुलनेतून पकडले जाते.

सर्व प्रकारच्या चकत्यांचे तत्त्व एकच आहे, फरक प्रकाशाच्या बारकाईचा. बोरूने जेवढ्या कागदावर चार ओळी मावतात, तेवढ्यात बारीक टाकाने दहा मावतात. तरंगलांबी जेवढी कमी, तेवढा ठिपका बारीक होऊ शकतो. डीव्हीडीने ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेसर वापरला आणि एका थरात ४.७ गिगाबाइट बसवले. ब्ल्यू-रेने ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा लेसर घेतला आणि एका थराची क्षमता २५ गिगाबाइटवर नेली. निळ्या प्रकाशाचा अर्धवाहक बनवणे फार अवघड होते. त्या प्रकाशाचे दिवे साध्य करणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

ओरखड्यानंतरही गाणे चालू

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी मिळून सीडीचे मानक ठरवले आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये सीडी प्लेअर विक्रीला आला. तेव्हा लोकांना सर्वांत नवल वाटले ते ओरखडे पडूनही गाणे न अडखळण्याचे. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण प्रकाशाचे आहे. चकतीच्या खालच्या पृष्ठभागावर लेसरचा झोत जवळपास पाऊण मिलिमीटर रुंद असतो आणि १.२ मिलिमीटर आत जाईपर्यंत तो मायक्रॉनवर एकवटतो. खिडकीच्या काचेवर माशी बसली असली तरी समोरचे आंब्याचे झाड आपल्याला दिसतेच. तशी पृष्ठभागावरची धूळ लेसरच्या नजरेत ठळक येत नाही.

दुसरे कारण गणिताचे. अमेरिकन गणितज्ञ आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये एक सांकेतिक पद्धत मांडली. तिची कल्पना गुणपत्रिकेवरून समजते. सहा विषयांच्या गुणांपैकी एकावर शाई सांडली, तरी खालच्या बेरजेवरून तो गुण काढता येतो. सीडीवर मूळ माहितीसोबत अशा ‘बेरजा’ लिहिलेल्या असतात. त्यांचे गणित मात्र यापेक्षा बरेच गुंतागुंतीचे असते. शिवाय सलग माहिती सलग जागेवर लिहीत नाहीत, ती लांबवर विखुरतात. सहलीला निघालेल्या शाळेने एकेका वर्गाची मुले वेगवेगळ्या बसमध्ये वाटून बसवली, तर एक बस बंद पडल्यावर कुठलाच वर्ग पूर्ण गैरहजर राहत नाही. प्रत्येक वर्गातली दोन-तीन मुले तेवढी कमी पडतात आणि ती कमतरता बेरजेवरून भरून काढता येते. या व्यवस्थेमुळे वाटेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा नष्ट झाला तरी मूळ माहिती पूर्ण परत मिळते. भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड कोपऱ्यात फाटला असला तरी पैसे जातात, ते याच रीड-सॉलोमन पद्धतीमुळे.

इथे गाणे आणि स्कॅन यांच्यात मोठा फरक पडतो. गाण्यात फारच नुकसान झाले तर प्लेअर मागच्या-पुढच्या सुरावरून अंदाज बांधतो आणि कानाला ते कळतही नाही. स्कॅनमध्ये अंदाजाला जागा नाही. अंदाजाने भरलेला ठिपका फुप्फुसातला ठिपका म्हणून वाचला गेला तर अनर्थ होईल. म्हणून माहितीच्या सीडीवर दुरुस्तीचा आणखी एक थर असतो आणि तोही अपुरा पडला की ड्राइव्ह ती फाइल देण्यास सरळ नकार देतो.

यात एक धोका लपलेला आहे. दुरुस्तीची सोय मागे राबत असते तोवर चकती उत्तम वाटते. चुका वाढत असतात, पण त्या दिसत नाहीत. मूत्रपिंडाचे असेच असते. जवळपास अर्धी कार्यक्षमता जाईपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन फारसे वाढत नाही आणि माणूस ठणठणीत समजून चालतो. सीडीही दुरुस्तीची मर्यादा ओलांडेपर्यंत उघडते आणि मग एक दिवस उघडत नाही. गेल्या वर्षी चालली होती, एवढ्यावरून ती यंदा चालेल असे म्हणता येत नाही.

छापील सीडी वेगळी, स्कॅनची वेगळी

गाण्याच्या छापील सीडीत खाचा साच्यातून प्लास्टिकमध्येच उमटलेल्या असतात. स्कॅन सेंटरमध्ये दिली जाते ती सीडी-आर, म्हणजे एकदा लिहिता येणारी सीडी. तिच्यात खाचा नसतात. प्लास्टिकमध्ये फक्त वाट दाखवणारी कोरी चर असते आणि तिच्यावर रंगद्रव्याचा पातळ थर असतो. त्यावर चांदीचा, काही महागड्या चकत्यांत सोन्याचा, परावर्तक थर येतो. खालून पाहिल्यावर दिसणारी हिरवट-निळसर झाक याच रंगद्रव्याची.

लिहिताना ड्राइव्ह लेसरची ताकद अनेक पटींनी वाढवतो. रंगद्रव्य त्या सूक्ष्म जागी दोन-अडीचशे अंशांपर्यंत तापते, त्याची रचना बदलते आणि तिथून प्रकाश कमी परततो. वाचणाऱ्या ड्राइव्हला हा डाग खाचेसारखाच भासतो. म्हणजे स्कॅनची सीडी कोरलेली नसते. ती रंगवलेली असते आणि रंग उडतो.

उष्णता आणि प्रकाशाने रंगद्रव्य बदलावे, हीच या चकतीची मूळ युक्ती आहे. लेसरने क्षणात जे घडते, तेच ऊन आणि उकाडा महिनोन्महिने सावकाश घडवत राहतात. डाग आणि कोरी जागा यांतला फरक हळूहळू फिका होतो. दमट हवेत परावर्तक चांदी काळवंडू शकते. कोकणातला पावसाळा, विदर्भातला उन्हाळा, गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलेले पाकीट, हे सर्व सीडी-आरचे शत्रू आहेत. चांगल्या रंगद्रव्याची, नीट लिहिलेली आणि नीट ठेवलेली चकती कित्येक वर्षे टिकते. स्वस्तातली, घाईत लिहिलेली चकती काही वर्षांतच बिघडू शकते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे. चमकणारी खालची बाजू नाजूक आणि लेबलची बाजू मजबूत, असे बहुतेकांना वाटते. सीडीत नेमके उलट असते. माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो आणि त्यावर केवळ लाखेचा पातळ पापुद्रा असतो. खालून तिला १.२ मिलिमीटर प्लास्टिकचे चिलखत असते. खालचा ओरखडा पुष्कळदा चालून जातो. वरून बॉलपेनचे टोक जोरात घासले तर माहितीच खरवडून निघते. डीव्हीडीमध्ये माहितीचा थर दोन प्लास्टिक चकत्यांच्या मधोमध असल्याने हा धोका कमी असतो.

घरी काय करावे?

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सीडी मिळाल्यावर त्याच आठवड्यात तिची प्रत काढावी. नवीन लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्ह नसतोच, पण यूएसबीने जोडता येणारा ड्राइव्ह मिळतो. शेजारी, नातेवाईक, शाळा, झेरॉक्सचे दुकान असे कुठेतरी तो सापडतो. सीडीवरचे सर्व फोल्डर जसेच्या तसे उतरवावेत. स्कॅनची चित्रे ‘डायकॉम’ नावाच्या ठरलेल्या स्वरूपात असतात आणि त्यांची सूची वेगळ्या फाइलमध्ये असते. एखादीच फाइल उचलली तर मेळ लागत नाही. फोल्डरला रुग्णाचे नाव, तपासणीचे नाव आणि तारीख द्यावी. एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि दुसरी वेगळ्या ठिकाणी, म्हणजे संगणकावर किंवा इंटरनेटवरच्या स्वतःच्या खात्यात ठेवावी. पेन ड्राइव्हही अमर नसतो, म्हणून दोन प्रती हव्यात. वर्षातून एकदा त्या उघडून पाहाव्यात.

फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो ही प्रत नव्हे. सीटीच्या मूळ चित्रात हवेपासून हाडापर्यंतच्या घनतेच्या हजारो छटा असतात. डॉक्टर त्यातला फुप्फुसाचा, मऊ भागांचा किंवा हाडांचा पट्टा निवडून पाहतात, ठिपका मोजतात, त्याच्या वरचे-खालचे काप चाळतात. फिल्मवर यातले निवडक काप, एक-दोन पट्ट्यांतच छापलेले असतात. व्हॉट्सॲपवरच्या फोटोत तेही पुसट होते.

सीडीवर नाव लिहायचे असेल तर मऊ टोकाचा, पाण्याच्या शाईचा खास सीडीसाठीचा मार्कर वापरावा आणि शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे. कागदी स्टिकर लावू नये. लावला असेल तर ओढून काढू नये, त्याबरोबर माहितीचा थर निघून येऊ शकतो. चकती कडक डबीत, उभी, थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावी. पुसायची असेल तर मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल गोल पुसताना ओरखडा वाटेच्या दिशेने पडतो आणि सलग माहिती खराब होते. टूथपेस्ट लावण्याचा उपाय करू नये.

जुनी सीडी एका संगणकावर उघडली नाही म्हणून फेकू नये. ड्राइव्हची भिंगे आणि लेसरही जुने होतात. एका ड्राइव्हला न दिसणारी चकती दुसऱ्याला दिसते. दोन-तीन ठिकाणी प्रयत्न करावा आणि उघडली की आधी प्रत काढावी. जिथे स्कॅन झाला त्या केंद्रात चौकशीही करावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. त्यानंतर त्या असतीलच याची खात्री नाही, म्हणून उशीर करू नये.

दोन सावधगिऱ्याही हव्यात. पहिली, सायबर कॅफेत प्रत काढली तर तिथल्या संगणकावरची फाइल पुसून टाकावी. स्कॅनच्या प्रत्येक चित्रात सहसा रुग्णाचे नाव, वय आणि तारीख असते. दुसरी, ड्राइव्ह बिघडला म्हणून तो उघडून, वीज चालू असताना आत डोकावू नये. बंद ड्राइव्ह निर्धोक असतो. उघड्या ड्राइव्हमधला अदृश्यप्राय लेसर डोळ्यात गेला तर पापणी आपोआप मिटत नाही, कारण डोळ्याला तो उजेड जाणवतच नाही. लिहिणाऱ्या ड्राइव्हचा लेसर तर पडद्याला, म्हणजे रेटिनाला, कायमची इजा करू शकतो.

ओपीडीतल्या त्या काकांची सीडी क्ष-किरण विभागातल्या एका जुन्या संगणकावर नेण्यात आली. तंत्रज्ञाने ती ओल्या मऊ कापडाने मध्यापासून बाहेर पुसली, कोरडी केली आणि ट्रेमध्ये ठेवली. या खेपेला ड्राइव्ह बराच वेळ घरघरला आणि फाइल एकेक करून उतरू लागल्या. काही चित्रे आलीच नाहीत. पण उजव्या फुप्फुसाचा हवा तो भाग आला. २०२१ मध्येही तो ठिपका त्याच जागी होता आणि मोजल्यावर आठच मिलिमीटर भरला.

"जुना वण आहे काका. सुई घालायची गरज नाही. खोकल्याचं औषध देतो, पंधरा दिवसांनी दाखवा," डॉक्टर म्हणाले. मुलाने सीडी पुन्हा पिशवीत टाकली नाही. आधी त्याने बाजारातून पेन ड्राइव्ह आणला, दोन्ही स्कॅन त्यात उतरवून घेतले आणि मगच वडिलांना घेऊन एसटी स्टँडकडे निघाला.